अठरावं नाव

माणसं नुसती सरळ पळताना दिसली की माझं डोकं फिरतं. जुनी खोड आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर मी सात वर्षं पी.टी. शिकवली, मुलींचा खो-खोचा संघ विभागापर्यंत नेला, आणि त्याआधी स्वतः राज्य पातळीवर खेळले. मग लग्न झालं, ह्यांना स्टुटगार्टला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि मी मागोमाग गेले. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. सकाळी हे एसबानने, म्हणजे तिथल्या लोकलने, ऑफिसला गेले की मी घर आवरायची, आणि साडेनऊला ते आवरून झालेलं असायचं. पुढचा सगळा दिवस मोकळा. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची! मला मात्र रडू यायचं.

ह्यांच्या टीममध्ये एक ऑस्ट्रेलियन इंजिनिअर होता. एका रविवारी त्याने आम्हाला मैदानावर बोलावलं. आमच्याच उपनगरात, टेकडीच्या पायथ्याशी. मला वाटलं फुटबॉल असेल. बघते तर चेंडू लांबट, नारळासारखा, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, जाळी नाहीच. चेंडू लाथेने मारायचा नाहीतर मुठीने ठोसून द्यायचा, आणि लाथेने मधल्या दोन खांबांतून गेला की गोल. कोणी लाथेने उडवलेला चेंडू हवेत पकडला की सगळे थांबणार, मग तो निवांत मारणार. ऑस्ट्रेलियात म्हणे त्यांच्या या फुटबॉलसाठी लोक जीव टाकतात. इथे पंधरा-सोळा बाप्ये चिखलात लोळत होते, आणि चेंडू हातात आला की जो तो समोरच्याच्या छातीवर सरळ धावून जात होता.

ह्यांनाही त्या दिवशी उतरवलं होतं. हेही तसेच निघाले, सरळ. मला राहवलं नाही. मी कुंपणावरून ओरडले, "अहो, वळा की! भिंतीला धडकायचंय का?"

हे वळले नाहीत, पण खेळ थांबला. तो ऑस्ट्रेलियन इंजिनिअरच संघाचा कप्तान होता. तो माझ्याजवळ आला आणि बाई काय म्हणाल्या ते त्याने ह्यांना विचारलं. ह्यांनी लाजत सांगितलं. मग मीच आत गेले, कोट घातलेल्याच अवस्थेत, आणि सहा जणांना ओळीने बसवून एकेरी साखळी कशी पळतात, हुलकावणी कशी देतात, ते तोंडाने सांगितलं. पळून दाखवलं नाही. लग्नानंतर पळणं सुटलं होतं, आणि परक्या पुरुषांसमोर धापा टाकत उभं राहायची मला लाज वाटली असती. खरं ते खरं.

त्यानंतर दर रविवारी मी जायला लागले. कप्तानाने एक दिवस आपलं दुखणं सांगितलं. माणसं टिकत नव्हती. ऑस्ट्रेलियन यायचे कॉन्ट्रॅक्टवर, कॉन्ट्रॅक्ट संपलं की जायचे. आमच्या लीगमध्ये संघ चारच. दर मार्चमध्ये नव्याने आलेल्या सगळ्यांना एका मैदानावर बोलावून पळवायचे, उडवायचे, झेल घ्यायला लावायचे, आणि मग संघ पाळीपाळीने माणसं उचलायचे. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्याला पहिली निवड. ऑस्ट्रेलियात याला ड्राफ्ट म्हणतात, तो टीव्हीवर लग्नसोहळ्यासारखा दाखवतात, आणि कोणत्या पोराची उडी किती यावर लोक वर्षभर भांडतात. आमच्याकडे तो कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर, थर्मासातली कॉफी पीत व्हायचा. पहिली निवड आमची होती, हे सांगायला नकोच.

मी एक वही केली. उंची, उडी, कुठला पाय, वळतो का. आणि शेवटचा रकाना माझ्या मनाचा, व्हिसा कधीपर्यंत. कप्तान तो रकाना बघून हसला. मी म्हटलं, हसू नकोस, तुझा संघ उडीवाचून बुडालेला नाही, तो व्हिसामुळे बुडतोय.

त्या मार्चमध्ये सगळ्यांचा डोळा एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यावर होता. दोन मीटर उंच, आणि चेंडू असा झेलायचा की झाडावरून आंबा काढावा. कप्तान तर वेडा झाला होता. मी वही पुढे केली. याचं सेमिस्टर जुलैत संपतं, शेवटचे सामने सप्टेंबरात. त्याऐवजी हा घे, मी म्हटलं, आणि एका बुटक्या पोराकडे बोट दाखवलं. सांगलीचा, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा, चार वर्षांची शिष्यवृत्ती. त्याने आयुष्यात हा चेंडू पाहिला नव्हता, पण तो कसा उभा होता ते मी पाहिलं होतं. पंजावर. खो-खोवाला होता, मला काय कळणार नाही? कप्तानाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचं नाव घेतलं. बाकीचे तिन्ही संघ खो खो हसले.

हसू देत. सांगलीकर आला आणि त्याच्यामागे त्याचे तीन मित्र आले. सगळे आपलेच, सगळे दोन-तीन वर्षं राहणारे. मला वहिनी म्हणायचे आणि वळायचे.

एप्रिलमध्ये राटहाउसमधून, म्हणजे नगरपालिकेतून, पत्र आलं. त्या मैदानावर फुटबॉल क्लबही डोळा ठेवून होता. आमच्याकडे अठरा सक्रिय सदस्य असतील तरच मैदान आमचं, महिनाअखेर यादी द्या. मैदान गेलं तर संघ दोन तासांवरच्या दुसऱ्या शहरातल्या संघात विरघळणार, आणि तिथे आमच्यातलं कोणीही जाणार नव्हतं. ती वही, तो रविवार, एवढंच माझं त्या देशात होतं. ते गेलं की परत साडेनऊला आवरून झालेलं घर.

मी पासपोर्ट गोळा करून यादी लिहिली. सतरा भरले. कितीही मोजले तरी सतराच. ह्यांनी सुचवलं, "अगं, तुझं नाव घाल ना. तू नाहीस का सदस्य?" सदस्य होते, पण सक्रिय? मी अठरावं नाव माझं लिहिलं आणि यादी पाठवून दिली. चार रात्री नीट झोप नाही.

पाचव्या दिवशी पत्र. 'यादीतील माहितीबाबत खुलासा आवश्यक.' झालं! पकडली गेले. हे ऑफिसात, म्हणून मी सांगलीकराला सोबत घेतलं. त्याचं जर्मन बरं होतं. जाताना मी मनात कबुलीजबाब पाठ करत होते.

खोलीत एक उंच, वाळकेसे गृहस्थ बसले होते, रिटायरमेंटला आलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी फाइल उघडली आणि माझ्या नावावर बोट ठेवलंच नाही. त्यांनी जन्मतारखांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली नेलं. ह्यांची एक जून. सांगलीकराची एक जून. त्याच्या तिन्ही मित्रांची एक जून. आणि अठराव्या नावाची, माझी, एक जून. वर्षं वेगळी, दिवस एकच.

"सहा भारतीय," ते म्हणाले, "आणि सहाही जण एकाच दिवशी जन्मलेले. ही माणसं खरंच आहेत का?"

देवाशप्पथ, यादी लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. आपल्या कुणाला दिसलं असतं? आमच्या शाळेच्या हजेरीपटात निम्मा वर्ग एक जूनचा असायचा.

मी पासपोर्ट पुढे केले. त्यांनी एकेक उघडून पाहिला. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ते म्हणाले. "सगळीकडे तेच."

सांगलीकर जर्मनमध्ये म्हणाला, "योगायोग."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. असलं खोटं मास्तराच्या मुलीसमोर? मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सुरू केलं. आमच्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होतात. आईबापांना मूल कुठल्या सणाच्या आसपास झालं ते आठवतं, तारीख नाही. मग गुरुजी एक जून लिहून टाकतात, म्हणजे त्या वर्षी मूल शाळेत बसतं. माझे वडील गुरुजी होते. माझी तारीख त्यांना चांगली ठाऊक होती. मी बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. पण मग सहा वर्षं भरायला तीन महिने कमी पडत होते आणि मी शाळेत जायचं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांनी पेन उचललं आणि मला एक जूनची केलं.

टेबलामागचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आल्झो, म्हणजे या तारखा खोट्या आहेत."

"वहिनी, मेलो," सांगलीकर मराठीत पुटपुटला.

खरंच मेलो होतो. माणसं खरी आहेत हे सांगायला गेले आणि कागदच खोटे आहेत असं कबूल करून बसले. ते मात्र माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पण मूल शाळेच्या वयाचं झालंय हे तुमच्या वडिलांना कसं कळायचं?"

मी उठून उभी राहिले. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डावा कान धरला. "असं. हात कानाला पोचला की भरती. नाही पोचला तर पुढच्या वर्षी."

त्यांनी चष्मा काढला. आपला लांबलचक हात डोक्यावरून नेला आणि कान धरला. सरकारी खोलीत, टाय लावून.

"माझे दात बघितले होते," ते म्हणाले.

मला कळलं नाही. सांगलीकराने परत विचारलं. मग त्यांनी सांगितलं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, पूर्वेकडून पळून येणाऱ्या लोकांच्या गर्दीत, एका स्टेशनवर ते सापडले. चालता येत होतं, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. छावणीतल्या डॉक्टरने तोंड उघडून दात मोजले आणि एक तारीख लिहिली. तीच आजवर सगळ्या कागदांवर. "तुम्हाला निदान तो सण माहीत आहे," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसलं असावं.

त्यांनी फाइल मिटली. तारखांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते म्हणाले, पासपोर्टवर आहे ती तारीख. पण नियम नियम आहे. "रविवारी मी मैदानावर येतो. अठरा जण खेळताना मोजतो आणि सही करतो."

खेळताना! बाहेर आल्यावर सांगलीकर आनंदाने उड्या मारत होता. मी पायरीवर बसले. सहाजणांपैकी पाच अगदी खणखणीत खरे होते. सहावी तेवढी लिहिण्यापुरती होती, आणि त्या माणसाला खोटं दाखवायचं आता माझ्याच्याने होणार नव्हतं.

रविवारी ते आले, छत्री घेऊन. दोन्ही बाजू मैदानात पांगल्या. त्यांनी पेनच्या टोकाने मोजलं. सतरा. परत मोजलं. मग कुंपणाजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. पेन तसंच धरून थांबले.

मी वही त्यांच्या हातात दिली. कोट काढला, ओढणी कमरेला करकचून बांधली आणि आत गेले. कप्तानाने डोळे विस्फारले, पण मला ह्यांच्या बाजूला उभं केलं.

पाच मिनिटं मी नुसती धापा टाकत होते. चेंडू कुठे, मी कुठे. मग एकदा तो घसरत माझ्याकडे आला आणि मी उचलला. समोरून तो दोन मीटरवाला विद्यार्थी. तिसऱ्या संघाने उचलला होता त्याला, आमच्याकडे सरावाला यायचा, आज मोजणी झाल्यावर उतरला होता. सरळ माझ्या अंगावर. मी डावीकडे झुकले, तो डावीकडे गेला, आणि मी उजवीकडून निघाले. माझे पाय सगळं विसरले असतील असं मला वाटत होतं. काही विसरले नव्हते. आणखी एकाला हुलकावलं, आणखी एकाला, आणि पुढे हे दिसले. मी मुठीने चेंडू ठोसून दिला आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं ओरडले, "अहो, वळा!"

आणि वळले हो, हे वळले! समोरचा आडवा पडला आणि ह्यांनी चेंडू मधल्या दोन खांबांतून मारला.

सगळे माझ्यावर येऊन आदळले. मी ढकलून बाजूला झाले आणि कुंपणाकडे पाहिलं. ते गृहस्थ माझ्याच वहीवर यादी ठेवून सही करत होते. सही झाली. पेन खिशात गेलं. मग त्यांनी छत्री खाली ठेवली आणि मला दिसेल असा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला.

धाप लागली होती, हात चिखलाने भरला होता. मीही धरला.