ठेवलंय, हात धुऊन घे

अक्का गेल्या हे सांगायला त्यांचा मुलगा प्रसन्न सकाळी आमच्या दारात आला, तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते आणि अक्कांनी आदल्या संध्याकाळी ठेवलेली पात्याची काडी माझ्यासमोर होती... "झोपेतच गेली आई," तो म्हणाला. मी नुसतं "हो का" म्हणाले.

अक्कांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या चामराजपेटेतलं, मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. त्या एचएसआर लेआउटला मुलाकडे राहायला आल्या आणि आमची दारं समोरासमोर आली. मला तेव्हा घरी पाव भाजायचं खूळ लागलं होतं. पाव ओव्हनमध्ये घालण्याआधी वरून एक चीर द्यावी लागते, त्यासाठीचं हत्यार मी फोनवर मागवत होते. अक्कांनी चित्र बघितलं आणि हसल्याच. "ह्याला काय विकत घेतात गं? स्वल्प थांब." विळीवर बसून त्यांनी बांबूची काडी चपटी तासली, यजमानांच्या दाढीच्या पाकिटातलं कोरं पातं आणलं आणि काडीचं टोक पात्याच्या मधल्या फटीतून ओवलं. पातं किंचित वाकून घट्ट बसलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. "पाती वाया कशाला घालवायची? त्यांनाही पाव आवडायचा." मी हात पुढे केला तर त्यांनी काडी मागे घेतली. धारेची वस्तू हातात द्यायची नाही, भांडण होतं; आधी खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. "ठेवलंय. घे आता."

पहिल्या पावावर मी भीत भीत ओरखडे काढले. "मांजरीसारखं काय करतेस? एकदाच, धीरानं. तोंड नाही दिलंस तर बगलेतून फुटेल तो." तसा तो फुटलाच. पुढे पाव भाजायच्या आदल्या संध्याकाळी त्या नवं पातं चढवून काडी आणून द्यायच्या आणि सकाळी चीर नीट उमलली की कानडीत "सरी!" म्हणायच्या, म्हणजे बरोबर जमलं. आमचं भांडण कधी झालं नाही, हे मात्र खरं.

त्या शेवटच्या संध्याकाळी माझे हात पिठात होते. "ठेवलंय, हात धुऊन घे," म्हणाल्या आणि चपला फटफटवत गेल्या. काडी अजून तिथंच आहे. ओटा पुसते तो तिच्या कडेकडेनं. खणात ठेवू का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं तर त्याच्या अंगावर धावून गेले. संध्याकाळी पीठ मळायला घेतलं की दाराबाहेर चपला वाजतात... उघडून बघते, कोणी नसतं. पाव मी चीर न देताच भाजते आणि तो बगलेतून फुटतो. मीही परवा तशीच फुटले, लिफ्टमध्ये, अनोळखी माणसांसमोर.

मग एकदा अक्कांची सून वीणा आली. "अत्तेंचं हे तुम्हालाच," म्हणत तिनं सासूबाईंकडच्या उरलेल्या पात्यांचं पाकीट पुढे केलं. "हातात नको गं, ठेव," मी म्हणाले, पण आवाज अक्कांचा होता. तिनं पाकीट काडीशेजारी ठेवलं, डोळे पुसले आणि गेली.

ठेवलेलं उचललं की देणं पुरं होतं. तेच मला नको आहे. आज पुन्हा पीठ फुगून आलंय. हात धुऊन झालेत, पुसूनही झालेत. पातं अजून चकाकतंय. "स्वल्प थांबा, अक्का," मी म्हणते आणि पुन्हा नळ सोडते.