रूळ गेले, रोल राहिले

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांचं एक बरं असतं. रोल धुऊन आला की छत्तिसांतले चार फोटो धड निघतात आणि बाकीच्या बत्तिसांचे किस्से होतात! आमच्या चौकडीकडे तर आता फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

चौकडी म्हणजे जुईनगरची मी, बँकेतून रिटायर झालेले सावंत, आयटीतला कुलकर्णी आणि सारसोळ्याचा म्हात्रे. उद्योग एकच. एमआयडीसीतल्या बंद कारखान्यांत गंजत पडलेले रूळ आणि इंजिनं शोधायची, आणि ती भंगारात जायच्या आत त्यांचे फोटो काढायचे. तेही फिल्मवर. मोबाइलवर काढणाऱ्याला सावंत माणसात मोजत नाहीत.

*

तर हे सावंत. तुर्भ्याच्या बाजूला एका कारखान्याची सायडिंग, म्हणजे मालगाडी आत यायचा फाटा, उखडणार असं कळलं, तसे भल्या सकाळी पोचले. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, भिंतीवर चढून फोटो काढले. खूश होऊन म्हणाले, "आज रोल काय पुरतोय हो! संपतच नाही!"

कुलकर्णी जागीच थांबला. "सावंत, रोल नीट अडकवलात ना?"

"तू चड्डीत होतास तेव्हापासून रोल भरतोय मी!"

कॅमेरा उघडला. रोल आपल्या डबीत गपगार झोपलेला. इंचभरही सरकला नव्हता!

सावंतांनी झाकण लावलं. मग म्हणाले, "चला, म्हणजे रोल वाचला!"

रूळ तोवर ट्रकमध्ये चढले होते.

*

कुलकर्णीला समोरच्याला शिकवायची भारी हौस. एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं हटकलं, "फोटो डिलीट करो!"

आता सॉरी म्हणून निघायचं की नाही? कुलकर्णीनं त्याचा क्लासच घेतला. हा फिल्मचा कॅमेरा, याला स्क्रीन नसतो, रोल इथे आत अंधारात असतो, हे झाकण असं उघडतं, पण उघडायचं मात्र नाही!

गडी मन लावून ऐकत होता. विद्यार्थी हुशार निघाला. खटकन झाकण उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "इसमें तो एक भी फोटो नहीं है!"

"आत्तापर्यंत होते!" कुलकर्णी किंचाळला.

*

सावंतांच्या नेरूळच्या टू-बीएचकेमध्ये एक बाथरूम कायमची रोल धुवायला गेलेली. एके दिवशी पुतणीला बघायला पाहुणे आले होते आणि नेमकी दुसऱ्या बाथरूमची फ्लशची टाकी बिघडलेली. वहिनींनी दार ठोठावलं, "अहो, उरका! पाहुणे खोळंबलेत!"

आतून आवाज आला, "दार उघडू नका! उजेड आला तर माझं इंजिन जाईल!"

हॉलमध्ये मुलाच्या आईनं वहिनींच्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कधीपासून असं होतंय त्यांना?"

*

मग आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला चेअरमन. धंद्यानं इस्टेट एजंट. एकेका फोटोपुढे थांबून बारकाईनं बघत होते. आम्हाला वाटलं, चला, निदान एक रसिक तरी भेटला!

"ही कुठली जागा?" त्यांनी विचारलं.

"ती ना, जुनी केमिकल फॅक्टरी. इथं मालगाडीच्या वाघिणी भरायच्या..."

"हां हां. टायटल क्लिअर आहे का?"

भाषणात म्हणाले, "या कलाकारांचे आपण आभार मानले पाहिजेत. नवी मुंबईत अजून किती मोकळी जागा शिल्लक आहे, ते यांनी दाखवून दिलं!"

टाळ्या कडकडल्या. दोघांनी तर फोटोंचे फोटो काढून नेले. लोकेशनसाठी!

*

आणि आबांचा किस्सा. आबा म्हणजे म्हात्रेचे वडील. एका कारखान्यात मालाच्या वाघिणी इकडून तिकडे नेणारं छोटं डिझेल इंजिन होतं, ते आबा चालवायचे. कारखाना बंद पडला, आबा घरी बसले, इंजिन आवारातच राहिलं. ते आता कापणार असं कळलं तेव्हा म्हात्रेनं खटपट करून आत जायची परवानगी मिळवली. आणि येताना आबांना घेऊन आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, दाढी घोटलेली.

कापणारे गॅस सिलिंडर घेऊन तयार होते. सावंत, कुलकर्णी आणि मी रुळांच्या मधोमध ट्रायपॉड लावून उन्हाची वाट बघत होतो. आबा इंजिनावर हात ठेवून उभे.

"आबा, जरा बाजूला. फ्रेममध्ये येताय," कुलकर्णी म्हणाला.

आबा सरकले.

"अजून थोडे. सावली पडेल."

आबा आणखी सरकले. म्हात्रे दुसरीकडेच बघत होता.

"आबा, हात! हात दिसतोय तुमचा!" सावंत ओरडले.

आबांनी हात काढला. एकदा आम्हा तिघांकडे नीट पाहिलं. मग दांडी धरून इंजिनावर चढले, केबिनमध्ये आपल्या जागेवर जाऊन बसले आणि खिडकीतून अर्धे बाहेर वाकले.

"अहो आबा, उतरा! ऊन आलंय!"

"ए!" आबा गरजले. "हॉर्न वाजत नाय म्हनून तोंडानं सांगतो! लायनीवरशी बाजूला व्हा! गारी येते!"

इंजिनात डिझेलचा थेंब नव्हता. चाकांभोवती कमरेएवढं गवत होतं. आणि आम्ही तिघं ट्रायपॉड तिथंच टाकून, उड्या मारून बाजूला झालो!