पाचवी चिठ्ठी

डब्यात चारच चिठ्ठ्या होत्या. मी मोजल्या. आमची बारा जणींची भिशी. दर महिन्याला प्रत्येकीचे पाच हजार, चिठ्ठी निघेल तिला साठ. सात जणींनी उचलली होती, उरलो पाच. म्हणजे चिठ्ठ्याही पाच हव्यात. मी समोरच्या वहिनींकडे पाहिलं. भिशी त्याच चालवतात. कोपरखैरण्यात आमची दारं समोरासमोर. त्या दिवशी सगळ्या त्यांच्याच हॉलमध्ये जमलो होतो. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाल्या, "तुझी नाही टाकली गं. तुझी नोकरी गेली, पुढचे हप्ते कुठून भरशील? उगाच सगळ्यांना टेन्शन. कोणी जामीन राहिलं तर टाकू."

कोणी राहिलं नाही. एकीने समोशाबरोबरची चटणी मागितली.

मी पावणे एमआयडीसीतल्या एका पॅकिंग कारखान्यात मालाची आवक-जावक लिहायचे. अकरा वर्षं. कारखाना बंद झाला, शेवटचा पगारही अर्धाच हातात आला. नवऱ्याचा पगार घराच्या कर्जात जातो, पोटाचं माझ्यावर होतं. मग मी घर आवळलं. दूध अर्ध्यावर आणलं. मुलीची शाळेची रिक्षा बंद केली. भाजी बाजार उठताना आणायला लागले. तूरडाळीत मसूर मिसळली. चव बदललेली मुलीला पहिल्याच घासाला कळली, तिने लोणचं वाढून घेतलं.

हे सगळं मी बोलले कोणापाशी? वहिनींपाशीच. माझीच चूक.

खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यावर जळायचे. त्यांच्या दाराशी रोज एक तरी पार्सल यायचं. भाजीवाल्याला भाव न विचारता त्या पिशवी पुढे करायच्या. त्यावर तर सगळ्यात जास्त जळायचे. राहायला आले तेव्हा माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं होतं, मूळ गाव कुठलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे नक्की कुठलं. त्यांना गाव नको होतं, मला कळलं होतं. पूजेला बोलवायच्या, पण स्वयंपाकघराच्या आत नाही. मी हॉलमध्ये सतरंज्या घालायचे. आणि तरी जायचे. लाज वाटते सांगायला, पण जायचे. त्यांच्यासारखं निर्धास्त बसणं मला हवं होतं.

त्या दुपारीही मी मान खाली घालून बसले. पर्समध्ये आठवा हप्ता होता, कानातलं मोडून आणलेला. मुलगी दहावीला होती. तिची अकरावीची फी मी याच साठ हजारांतून भरणार होते, दुसरा आधार नव्हता. आणि माझी चिठ्ठीच डब्यात नव्हती.

समोर वहिनींचा दोन दारांचा फ्रिज. पहिल्याच महिन्यात भिशी उचलून घेतलेला. तो बघून मी नेहमीसारखीच जळले. आणि त्या जळण्यातच डोकं चाललं. अकरा वर्षं मी हेच तर लिहिलं होतं, माल कोणाकडे गेला आणि पैसे कोणाकडून यायचे. मी सात हप्ते भरले होते, घेतलं काहीच नव्हतं. माझे पस्तीस हजार या बायकांच्या घरात होते. त्या फ्रिजमध्ये माझे पाच हजार होते. देणं त्यांचं होतं आणि जामीन माझ्याकडे मागत होत्या.

मी म्हणाले, "वहिनी, पहिल्या महिन्यात तुम्ही पाच भरून साठ उचललेत. तेव्हा तुमच्याकडे जामीन कोणी मागितला?"

"अगं, आमचं वेगळं आहे."

"काय वेगळं ते सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर माझी चिठ्ठी टाका."

वहिनी डब्याचं झाकण उघडबंद करायला लागल्या. नवऱ्याची पक्की नोकरी म्हणाल्या असत्या, तर निम्म्या बायकांना लागलं असतं. आणि दुसरं कारण तोंडावर बोलायचं नसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू तेवढ्या पुटपुटल्या, टाका तिची. वहिनींनी कागद फाडला. त्यांच्या हाताने माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

चिठ्ठी दुसरीचीच निघाली. मी हप्ता भरला, वहीत वहिनींची सही घेतली. घरी येऊन रडले, रागाने. फीचं अजून जमलेलं नाही. वहिनींचा हेवाही गेलेला नाही. सकाळी त्यांचं दार वाजलं की आजही जळते.

पण निघताना मी सगळ्यांना सांगून आले. पुढच्या महिन्याची भिशी माझ्या घरी. फक्त चहा मिळेल. माझ्या घरचा चहा चालत नसेल तिने येऊ नये, हप्ता मात्र पाठवावा. माझे चाळीस हजार तुमच्याकडे आहेत. शेवटचा रुपया हातात येईपर्यंत मी दर महिन्याला तुमच्या दारात उभी राहीन, आणि बेल मीच वाजवीन.