चढावरचा डावा हात

आम्ही तेव्हा दोह्यात, मदिनत खलीफा भागात राहायचो. एका मोठ्या व्हिलाचे मधे भिंती घालून सहा भाग केले होते, त्यातला एक आमचा. मागच्या अंगणात ड्रायव्हरची जुनी खोली होती. तिथे मालकाने एक बेंच, एक रॉड आणि गंजलेल्या प्लेटा आणून टाकल्या आणि दारावर 'जिम' अशी पाटी लावली. मी त्या खोलीच्या वाटेला कधी गेलो नाही. दिवसभर साईटवर उन्हात उभं राहून घरी यायचं आणि वर लोखंड उचलायचं? छे! मला बुटाची नाडी सोडायचाही कंटाळा यायचा. सोफ्यावर बसलो की बायको म्हणायची, "अहो, निदान हेल्मेट तरी काढा."

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी सगळीकडे चालली होती. रस्ते खणलेले, आज डावीकडून गेलेला रस्ता उद्या उजवीकडून. आमचं काम एका मैदानावर होतं आणि मी तिथला सेफ्टी ऑफिसर. म्हणजे रोज पहाटे पाचला शे-दीडशे मजुरांसमोर उभं राहून हिंदीत घसा फोडायचा: "चोट छुपाना नहीं, छोटी हो तो भी आकर बताना!" ते माना हलवायचे. मग मी गेटवर जाऊन फलकावरचा आकडा बदलायचो. 'अपघाताविना इतके तास' असा तो फलक. कामावर दुखापत होऊन एखादा जरी घरी बसला, तर आकडा पुन्हा शून्य. त्या दिवसांत एक मोठा गोल आकडा जवळ आला होता. तो गाठला की बडे पाहुणे येणार, केक कापणार, मजुरांना बिर्याणी मिळणार, असं सगळं ठरलं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझा खांदा गेला. एक बिहारी इलेक्ट्रिशियन शिडीवरून घसरला. मी खालीच उभा होतो, डाव्या हाताने त्याचा कमरपट्टा धरला. तो पायांवर उभा राहिला आणि "सरजी, सरजी" करत रडायला लागला. मला खांद्यात काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं वाटलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी त्याला म्हटलं, "किसी को बोलना मत." त्यानेही मान हलवली. झालं, आमची अळीमिळी गुपचिळी. पुढच्या शुक्रवारी त्याने एशियन टाउनच्या बाजारातून माझ्यासाठी मिठाईचा डबा आणला. तो मी ऑफिसात वाटून टाकला आणि कोणी विचारलं तेव्हा भाचीचं लग्न ठरलं म्हणून सांगितलं.

का लपवलं? फलकासाठी नव्हे, खोटं कशाला बोलू. मैदानाचं काम संपत आलं होतं आणि माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. आणखी एक वर्ष कोणाला ठेवायचं याची यादी तयार होत होती. मुलगी अकरावीत होती. तिची बारावी म्हणजे तेच एक वर्ष. अकरावी दोह्यात आणि बारावी नाशकात, हे कागदावर जमतं. पण पोरीचे हाल होतात, ते मी शेजारच्या घरात पाहिले होते. मला यादीत राहायचं होतं. ज्याच्या नावामुळे फलक शून्यावर येईल, तो माणूस यादीत कसा राहील? म्हणून मी दुखणं अंगावर काढत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बायकोला तेवढं सांगितलं, कारण खांद्याला तेल तीच चोळायची. मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेली असायची, तिला काय ऐकू जातंय, असं आम्ही धरून चाललो.

अशात तिचं शाळेचं प्रोजेक्ट आलं. एकच माणूस, एकच रॉड, पण बेंचची पाठ वेगवेगळ्या कोनांत लावली तर तो किती वजन उचलतो, हे मोजायचं. आईने आधीच हात वर केले. राहिलो मी. नाही म्हणता आलं असतं, पण मग का नाही ते सांगावं लागलं असतं. कॉलेजात असताना व्यायामशाळेत जायचो, त्या बढाया मीच तिला ऐकवल्या होत्या. भोगा आता.

शुक्रवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही त्या खोलीत गेलो. एसी खडखड वाजत होता. मुलीने कंपासपेटीतलं कोनमापक आणलं होतं. ती बेंचच्या पाठीला ते लावायची, खिट्टी भोकात बसवायची आणि मला झोपायला सांगायची. ती फ्लॅट, इन्क्लाइन, डिक्लाइन म्हणायची. मी म्हणायचो सपाट, चढ आणि उतार. तिला त्याची गंमत वाटायची. मराठी तिला सगळी कळते, बोलताना मात्र इंग्रजी येतं.

सपाट बाकावर पंचेचाळीस किलो गेले. खांदा बोंबलला, पण गेले. उतारावर, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर, पन्नास गेले. मुलीने टाळ्या वाजवल्या. "बाबा, यू आर स्ट्रॉंगर डाउनहिल!"

"मग! उतारवय आहे माझं," मी म्हटलं. "उतारावर जोर असणारच."

तिने ते खरंच मानलं. प्रोजेक्टच्या वहीत लिहिलं की मराठी समाजात वयस्कर माणसांना उताराच्या वयाचे म्हणतात, कारण त्यांची ताकद डिक्लाइनला जास्त असते. बायकोने वाचलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं एकदम हसत होतो.

पुढच्या शुक्रवारी चढ. तीस अंशांवर पस्तीस किलो, आणि तेही मी कंबर बाकावरून उचलून कसेबसे ढकलले. "पाठ टेकव, चीटिंग आहे," असं ती इंग्रजीत म्हणाली. मग तिने खिट्टी आणखी वर घातली. पंचेचाळीस अंश. चढावर वजन थोडं कमी जाणार हे तिला वाचून माहीत होतं, म्हणून तिने अंदाजाने तीस किलो लावले. उजवा हात वर गेला. डावा अर्ध्यात थांबला आणि रॉड तिरका झाला. एका बाजूची प्लेट सरकून धाडकन जमिनीवर पडली. ती ओरडली, रॉडला तिने दोन्ही हातांनी धरलं. प्लेटा काढून नुसता वीस किलोचा रॉड दिला, तेव्हा तो कसाबसा वर गेला. मी उठून भिंतीला टेकून बसलो. इतका थकवा मला साईटवर कधी आला नव्हता. वाटलं, इथेच या थंड फरशीवर झोपून जावं आणि कोणी उठवू नये.

"आर यू ओके?" तिने विचारलं.

"झोप झाली नाही नीट. काही नाही," मी म्हटलं.

दोन दिवसांनी तिची वही टेबलावर उघडी होती. सुरेख अक्षरात तक्ता काढला होता, खाली रंगीत आलेख. उतार पन्नास, सपाट पंचेचाळीस, तीस अंशांवर पस्तीस. आणि पंचेचाळीस अंशांवर तीस! रेघ कशी छान हळूहळू खाली येत होती.

"हे तीस मी कधी उचलले?"

"वीस लिहिलं तर ग्राफ चुकीचा दिसतो," ती इंग्रजीत म्हणाली. "मिसला वाटेल मला मोजताच आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "जे मोजलं तेच लिहायचं! न झालेला आकडा कागदावर येताच कामा नये. माझी अख्खी नोकरी ह्यावर चालते, कळलं? असल्या खोट्या आकड्यांनी माणसं मरतात!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मुलगी रडली नाही. मग हळूच म्हणाली, "बट यू डिड नॉट राइट युवर शोल्डर."

बोंडं कानात असली तरी गाणं बंद असायचं म्हणे. तिला सगळं ठाऊक होतं. शिडी, पट्टा, मिठाई, यादी आणि तिची बारावी. ठाऊक असूनच तिने तीस लिहिले होते, कारण वीस वाचून मिसने काही विचारलं असतं तर बाबा अडचणीत आला असता. बायको कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. मला लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एवढंच म्हणालो, "खोड ते. वीस लिही." तिने खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुखापतीचा कोरा फॉर्म घेऊन प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेलो. हा आमचा साहेब लखनौकडचा, वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांखालीही काळं झालं होतं, रोज चौदा तास तोही साईटवरच असायचा. मी सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, दार लावलं आणि फॉर्म स्वतःकडे ओढला.

"आपके कंपाउंड में जिम है?"

"आहे, म्हणजे, है सर."

"जाते हो?"

"अभी अभी... बेटी का प्रोजेक्ट..."

"बस." त्याने जागेच्या रकान्यात स्वतः लिहिलं: राहत्या घराची जिम. तारीख गेल्या शुक्रवारची. "आपने छुपाया नहीं, बता दिया. डॉक्टर कंपनी देगी, हफ्ता भर ऑफिस में बैठो. गेट के बोर्ड को कुछ नहीं होगा, आपका नाम लिस्ट में है ही. यल्ला, साइन करो, खलास."

त्याने पेन पुढे केलं. मी खिडकीतून गेटकडे पाहिलं. नाही म्हणायला जोर लागतो आणि तो माझ्यात उरला नव्हता. उजव्या हाताने सही केली. साहेबाने पाठीवर थाप मारली, ती नेमकी डाव्या बाजूला.

संध्याकाळी घरी सांगितलं की झालं, यादीत नाव आहे, डॉक्टरही मिळणार. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मग मी जिमचं सांगितलं. ती चहाचे कप उचलून आत गेली.

मुलगी वही घेऊन बसली होती. प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. पंचेचाळीस अंशांपुढे वीस लिहिलेलं होतं, आणि रेघ तिथे खाली कोसळली होती. शेजारी एक रकाना रिकामा होता. मिसने सांगितलं होतं, एखादा आकडा वेगळा आला तर त्याचं कारण लिहा.

"लिही," मी म्हटलं, "जिममध्ये व्यायाम करताना खांदा दुखावला होता."

तिने पेन टेकवलं आणि थांबली. वर न बघता, अडखळत, मराठीत म्हणाली, "बाबा, खरं लिहू, की तू सांगतोस ते?"

"मी सांगतो ते," मी म्हणालो.

तिने लिहिलं.