शेवटचं रीळ पाहिलेली भागाबाई

कलाकृतीचा खरा न्याय काळच करतो, असं थोर माणसं सांगत आली आहेत. आमच्या शहापुरात मात्र हे काम काळावर सोपवलं नाही. पन्नासचं दशक सरलं त्या वर्षी वाचनालयाने सात जणांची समिती नेमली आणि सरल्या दशकातले दहा श्रेष्ठ चित्रपट ठरवायला घेतले. अध्यक्ष गावातले एक वकीलसाहेब होते. मी चिटणीस होतो, म्हणजे इतिवृत्त लिहायचं आणि चहा सांगायचा. भागाबाई समितीत नव्हती. आम्हा सात जणांनी मिळून पाहिले नसतील इतके सिनेमे तिने एकटीने पाहिले होते, पण तो काही निकष नव्हता.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते मुरबाडजवळ, म्हसा गावच्या जत्रेत. फिरत्या सिनेमाच्या तंबूत ती पडद्यावर पाणी मारत होती. पडदा तंबूच्या मधोमध असे. पुढे खुर्च्या आणि बाकं, मागे नुसती जमीन. पडदा ओला असला की चित्र आरपार जाई आणि मागे बसलेल्यांनाही दिसे. फक्त डाव्याचं उजवं होई. मागे बसत ती गावकुसाबाहेरच्या पाड्यांवरची माणसं. भागाबाई त्यांतलीच. दर रिळाला ती बादली घेऊन उठे, ओंजळीने पडदा भिजवी आणि परत मागे जाऊन बसे. पडद्यावर कोणी मरत असलं तरी तिचं पाणी चुकत नसे.

"उलटी अक्षरं बघून डोकं नाय फिरत?" मी एकदा विचारलं होतं.

"मला सुलटी पन वाचता येत नाय, भाऊ. मंग उलटीचं काय?"

पावसाळ्यात तंबू बंद असे. तेव्हा ती रानभाजी घेऊन शहापूरच्या बाजाराला येई आणि वाचनालयाच्या पायरीवर बसे. समितीची बैठक नेमकी बाजाराच्या दिवशी दुपारी होती आणि दार उघडं होतं.

वाद एका सिनेमाचा चालला होता. त्यातल्या बाईची जमीन सावकार बळकावतो आणि ती विळा घेऊन गाव सोडते. तिघांना तो पहिल्या क्रमांकावर हवा होता. वकीलसाहेब उभे राहिले. "चित्रपट थोर आहे. पण अखेरीस नायिका मान खाली घालून निघून जाते. असा हताश शेवट आपण तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवावा काय?"

"जात्ये, पन परत येत्ये," दारातून आवाज आला.

भागाबाई भाजीची पाटी खाली ठेवून उंबऱ्यात उभी होती.

"बाई, ही समितीची सभा आहे."

"मंग समितीला सांगते. ती परत येत्ये नि त्याच शेतात तीन दगडांची चूल मांडत्ये. सावकार बघत ऱ्हातो. तुमी तवा यष्टीला गेलते."

जत्रेहून शहापूरला येणारी शेवटची एसटी साडेआठला सुटे आणि सिनेमा पावणेनऊला संपे. आम्ही सातही जण दर वर्षी शेवटच्या रिळाआधी उठत आलो होतो. कुठल्याही सिनेमाचा शेवट आम्ही तिथे पाहिलेला नव्हता. आमची मतं मात्र पूर्ण होती.

वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली. "विळा तिच्या कोणत्या हातात होता?"

"डाव्या."

"उजव्या. अध्यक्ष म्हणून मी नोंदवतो, की या बाईंनी सिनेमा मागच्या बाजूने पाहिलेला आहे."

लोक हसले. भागाबाई हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. "विळा तुमी पन बघितला, मी पन बघितला. चूल मी एकलीनंच बघितली. चाळीस खेळ पानी मारलंय मी. दर खेळाला ती परत येत्ये. तिला तुमी इथं बसून घालवता?" मग पाटी उचलता उचलता ती नेहमीचं वाक्य बोलली. "पुरं बघावं, मंग बोलावं."

सिनेमा सातव्या क्रमांकावर गेला. वाचनालयाच्या भिंतीवर यादीचा फळा लागला, त्यावर रंगाऱ्याने या नावापुढे 'शोकान्त' असंही लिहिलं.

पुढच्या जत्रेत तंबूवाल्याने तोच सिनेमा पुन्हा लावला. मी साडेआठची एसटी सोडून दिली. पडद्यामागे भागाबाईशेजारी जमिनीवर बसून शेवटचं रीळ पाहिलं. सिनेमातली बाई परत आली. डाव्या हातात विळा धरून आली, तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. मागची सगळी माणसं हे ठाऊक असल्यासारखी शांत बसली होती. भागाबाईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी समितीपुढे दुरुस्ती मांडली. वकीलसाहेब म्हणाले, "सातांपैकी सहा जणांनी हा शेवट पाहिलेला नाही. बहुमत स्पष्ट आहे." मी इतिवृत्तात माझा विरोध लिहिला. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि तेही मी बारीक अक्षरात लिहिलं.

भागाबाईचं काही बारीक अक्षरात नसे. फळ्यावरचा शब्द मी तिला वाचून दाखवला होता. त्यानंतर पावसाळ्यातल्या दर बाजाराला ती भाजी मांडायच्या आधी दारात येई आणि सगळ्या वाचकांदेखत विचारी, "पुसलात का रे ते?" ग्रंथपाल वर्तमानपत्रात डोकं घाले. एकदा खुद्द वकीलसाहेब समोर होते. ते म्हणाले, "बाई, एका शब्दाने तुझं काय बिघडतं?"

"एकाच शब्दाचं काम हाय. पुसायला तुमाला किती येळ लागंल?"

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एका बाजाराला ती आली नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला तिच्या पाड्यावरची एक बाई तिच्या जागी भाजी घेऊन बसली. भागा तापाने गेली, असं तिने सांगितलं. जुडी बांधून देताना तिने वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "ते पुसलात का?"

फळा अजून भिंतीवर आहे, शब्दही आहे. जत्रेहून सुटणारी शेवटची एसटी पुढे नऊला सुटू लागली. तोवर तंबू बंद झाला होता.