दाराशी हुंकारा

मे महिन्यातला दुसरा रविवार, मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीचा हॉल. हजर: गोष्टी ऐकायला आलेली मुलं, वाचणारी मी आणि दाराला टेकून उभा असलेला एक अनोळखी म्हातारा.

मी दूरदेशची एक दंतकथा वाचत होते. मेलेल्या मुलीला परत आणायला तिची आई पाताळात उतरते. प्रत्येक वाक्याला म्हातारा डोळे मिटून "हूं" म्हणे.

"आजोबा, झोपले का?" एका मुलाने विचारलं. बाकीची खिदळली.

"नाही गा. हुंकारा नाही दिला तं गोष्ट पुढं जात नाही."

आई पाताळाच्या दाराशी पोचली आणि वेळ संपली. मी पुस्तक मिटलं. मुलं पळाली, म्हातारा हलला नाही.

"पोरगी भेटली का तिले?"

"पुढच्या रविवारी सांगते."

"अर्धी नका ठेवू, बाई. हुंकारा देणारा तिथंच अडकून राहते."

मला हॉलची किल्ली परत द्यायची होती. मी हसून दिवे घालवले.

तो पुन्हा आला नाही. आता कोणतीही गोष्ट वाचायला घेतली, की रिकाम्या दाराकडून हुंकारा येतो. मुलंही माना वळवून बघतात.

त्या गोष्टीत मुलगी परत येत नाही. ते त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.