कुकरवाली शिवकन्या

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी शिवकन्या राठोड माझ्या छापखान्यात कामाला लागली. सेनगावकडच्या तांड्यावरची पोरगी, बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा पास. मला फक्त मराठी टाइप करणारं माणूस हवं होतं. हँडबिलांचा मजकूर मी स्वतः लिहायचो आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता. ‘भव्य शुभारंभ’, ‘ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर’, ‘एकवेळ अवश्य भेट द्या’ ही माझी वाक्यं निम्म्या जिल्ह्यातल्या दुकानांनी वापरली असतील.

पहिल्याच महिन्यात तिनं मला विचारलं, की काका, कापडाच्या दुकानाचा आणि बियाण्याच्या दुकानाचा मजकूर सारखाच काहून? मजकूर असाच असतो, असं मी सांगितलं. ती टाइप करत राहिली.

मग एक दिवस आखाडा बाळापूरचा सोमेश्वर आला. त्याचं भांड्यांचं दुकान. त्यानं प्रेशर कुकरची मोठी खेप मागवली होती आणि एकही कुकर जागचा हलत नव्हता. ‘आधुनिक गृहिणींची पहिली पसंती’ असं माझं हँडबिल त्यानं दोन बाजारांना वाटलं होतं. लोकांनी त्यावर भजी खाल्ली. आता रंगीत काढू, असं त्याचं म्हणणं. शिवकन्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “शेठ, बाया कुकर काहून घेत न्हाईत, हे कुणाला इचारलं का?”

कुणी विचारलं नव्हतं. सोमेश्वरनं नाही आणि मी तर नाहीच. पुढच्या बाजाराला ती स्वतः जीपनं बाळापूरला गेली आणि दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांशी बोलली. परत आली तेव्हा वही भरली होती. बायांना वाटायचं कुकर फुटतो. त्याहून जास्त जणींचा प्रश्न होता, की त्याचं रबर गेलं तर नवं आणायचं कुठून. आधुनिक व्हायची हौस एकीनंही बोलून दाखवली नव्हती.

निम्म्या बायांना वाचता येत नाही, तर कागद राहू द्या, असं तिनं सुचवलं. जीपवर कॅसेट लावायची. आवाज तिचाच, एकदा मराठीत, एकदा तांड्यावरच्या गोरमाटी बोलीत. मजकूर एवढाच: “कुकरला भिऊ नका. बाजाराच्या दिवशी सोमेश्वरशेठच्या दुकानापुढं या, तुमच्यासमोर तुरीची डाळ शिजवून दाखवते. रबर खराब झालं तर घेऊन या, बदलून देऊ.” मला हे फारच उघडंबोडकं वाटलं. शेवटी ‘अवश्य भेट द्या’ तरी घाल, असं मी सुचवलं. ‘या’ म्हटलं की झालं, असं तिचं उत्तर.

बाजाराच्या दिवशी तिनं दुकानापुढं स्टोव्ह पेटवला. पहिली शिट्टी झाली तशी पुढची रांग मागं पळाली, मग एकमेकींना हसत परत आली. डाळ वाटीवाटीनं सगळ्यांनी चाखली. दिवाळीपर्यंत सोमेश्वरला दुसरी खेप मागवावी लागली.

गोष्ट इथं संपली असती. पण वर्षाभरानं गोजरबाई नावाची एक शेतकरीण कुकर कापडात बांधून, विचारत विचारत थेट आमच्या छापखान्यात आली. रबर सुकून चिरलं होतं. सोमेश्वरनं तिला दोनदा परत पाठवलं होतं; इतक्या दिवसांनी रबर फुकट मिळत नसतं म्हणे. शिवकन्या म्हणाली, की मावशी, दुकान त्यांचं, मी इथं नोकरी करते.

गोजरबाई शांतपणे म्हणाली, “दुकानदाराला मी काय ओळखते बाई? मी तुझ्या आवाजावर घेतला ह्यो.”

शिवकन्येचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिनं माझ्याकडं सुट्टी मागितली आणि गोजरबाईला घेऊन बाळापूर गाठलं. तिथं ती भांडली नाही. तिनं सोमेश्वरला इतकंच सांगितलं, की रबर बदलायचं नसेल तर हरकत नाही, पण मग नवी कॅसेट भरावी लागेल, ‘रबर बदलून मिळत न्हाई’ अशी, तिच्याच आवाजात. सोमेश्वरनं रबर दिलं. पुढं त्यानं गल्ल्याजवळ रबरांचा डबाच ठेवला. रबर बदलायला आलेली बाई जाताना पातेलं नाहीतर झारा घेऊनच जाते, हे त्याच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

तिनं मात्र धसका घेतला. त्यानंतर वस्तू हाताळल्याशिवाय आणि दुकानदार शब्द पाळणारा आहे का हे पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. बियाण्याच्या एका विक्रेत्याला एकरी उताऱ्याचा मोठा आकडा छापून हवा होता. तिनं विचारलं, कुणाच्या शेतात एवढं पिकलं, मी बघून येते. त्याला शेत दाखवता आलं नाही, आणि ते काम गेलं. मी कुरकुरलो, ती बधली नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास नांदेडच्या एका फवारणी पंपवाल्याकडून माहितीपुस्तिकेचं काम आलं. तिनं पंप तांड्यावर नेला आणि वडिलांच्या, वसरामजींच्या, पाठीवर बांधून पाणी भरून कपाशीत फिरवला. पट्टा खांद्याला काचतो, नोजलमध्ये कचरा अडकतो, झाकण गळतं, सगळं टिपलं. पुस्तिका सुरूच अशी झाली: ‘नोजल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका.’ पंपवाला आधी नाराज झाला. पहिल्या पानावर कंपनीचा इतिहास नाही, म्हणून. मग गावागावांतून निरोप येऊ लागले, की पुस्तक कामाचं आहे, आणखी पाठवा. त्यानं पट्टाही बदलून घेतला.

त्यानंतर तिला बाहेरची कामं इतकी येऊ लागली की तिनं माझी नोकरी सोडली. सेनगावच्या नेट कॅफेतून मजकूर पाठवायची. जाण्याआधी मी तिला माझ्या छापखान्याची जाहिरात लिहून मागितली. तिनं माझ्याऐवजी आठवडाभर माझ्या गिऱ्हाइकांनाच विचारलं, आणि कागद हातात ठेवला: ‘एसटी स्टँडच्या मागं. लग्नपत्रिकेत नावाची चूक आमची असेल तर दुसऱ्या दिवशी फुकट छापून देतो.’

“हे झेपंल न काका? न्हाईतर खोडते,” ती म्हणाली.

मी मुद्रितं तपासायला एक जाणती बाई नेमायचं ठरवलं, आणि तो कागद तसाच छापायला टाकला.